ठेल्यावरचे गरम पाणी

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या नागपूरच्या वस्तीतल्या एका वहिनींनी तर्री-पोह्याचा ठेला लावायचे ठरवले. त्यांचे यजमान माझे जुने मित्र. ते गेल्यापासून घरची सारी भिस्त वहिनींवर आणि आयटीआय शिकलेल्या मुलावर आहे. मुलाने वेल्डिंगचे काम शिकलेले, म्हणून ठेला विकत न घेता घरीच बांधायचा असे ठरले. लोखंडी अँगल, कबाड्याकडून आणलेली चार चाके, वर टिनाचे छत आणि एका बाजूला भांडी धुण्यासाठी तीन टब. मी पडलो कारकून माणूस. मला बोलावले ते हिशोब मांडायला.

रविवारी विहारातून परतताना त्यांच्या अंगणात थांबलो. ठेला अर्धा उभा राहिला होता. मी विचारले, "वहिनी, टब तीन कशाला? बाकीचे लोक तर एकाच बालटीत भागवतात."

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्या एका बालटीपायीच तर हे सारं करतो आहो. मी दोन वर्सं दुसऱ्याच्या ठेल्यावर प्लेटा धुतल्या. थंडीत सकाळी सहाले पाणी एवढं गार राहाते का हाताले काही समजतच नाही. वरून तेल. प्लेट धुतली का नुसती भिजवली, हे डोळ्यानं पाहा लागते. मले माह्या ठेल्यावर गरम पाणी पाह्यजे."

भगिनींनो, मागणी एवढीच होती. पण ती पुरी करताना आमच्या हातून एक मोठी चूक झाली आणि बरेच काही शिकायलाही मिळाले. आपल्यापैकी अनेक घरांत आज असा ठेला आहे किंवा लावण्याचा विचार चालू आहे. म्हणून हा लेखाजोखा सदरात सविस्तर मांडतो.

गरम पाणी कशासाठी ?

आधी एक गैरसमज दूर करू. गरम पाण्याने हात धुतले की जंतू मरतात असे आपण समजतो. प्रत्यक्षात जंतू मारण्याइतके गरम पाणी हाताला सोसतच नाही. अमेरिकेतील रट्गर्स विद्यापीठात २०१७ साली हे तपासून पाहिले गेले. १५, २६ आणि ३८ अंश सेल्सिअस अशा तीन तापमानांच्या पाण्याने लोकांना हात धुवायला लावले. जंतू कमी होण्यात फरक आढळला नाही. काम होते ते साबणाने आणि चोळण्याने. वीस सेकंद हात चोळले, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांत साबण गेला, तर गार पाणीही चालते. अमेरिकेच्या अन्न खात्याच्या नमुना नियमावलीत हात धुण्याचे पाणी पूर्वी ३८ अंशांचे असावे असे होते. २०२२ च्या आवृत्तीत ते साडेएकोणतीस अंशांवर आणले गेले.

मग कोमट पाणी कशाला? कारण माणसाचा स्वभाव. डिसेंबरच्या पहाटे गार पाण्यात वीस सेकंद हात कोण धरणार? आपल्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा साडेतीन अंशांवर उतरला होता. अशा सकाळी माणूस बोटे ओली करून मोकळा होतो. पाणी कोमट असले की हात नीट धुतले जातात.

भांड्यांचे मात्र वेगळे. तर्री म्हणजे तेल. सोयाबीनचे तेल थंडीत घट्टसर होते, पाम तेल थिजते आणि वनस्पती तूप तर ३७ ते ४० अंशांच्या आसपास गेल्याशिवाय वितळतच नाही. गार पाण्यात प्लेट बुचकळली की तेलाचा पापुद्रा प्लेटवर तसाच राहतो, आणि पहिल्या दहा प्लेटांचे तेल पाण्यावर तरंगून पुढच्या प्रत्येक प्लेटला लागते. त्या तेलाखाली जंतू सुरक्षित राहतात. वर कितीही औषध टाका, ते तेलातून आत पोहोचत नाही. म्हणून भांडी घासण्याचे पाणी निदान ४३ अंश असावे असे त्याच नियमावलीत म्हटले आहे. आमच्या वहिनींच्या हातांना जे दोन वर्षांत कळले, तेच तिथे कागदावर आहे.

आमची चूक

आता चुकीची गोष्ट. ती माझीच आहे, म्हणून लपवणे बरोबर नाही.

मुलाने स्टीलचा वीस लिटरचा डबा आणला, खाली पितळी तोटी बसवली आणि तो ठेल्याच्या दुसऱ्या शेगडीवर ठेवायचे ठरवले. डब्याचे झाकण सैल होते. मी हिशोबी माणूस. म्हणालो, "बाबू, वाफ वाया जाते म्हणजे गॅस वाया जातो. झाकणाला रबराची रिंग लाव आणि क्लिपा लावून घट्ट आवळ." पोराने काकांचा शब्द मानला. चार क्लिपा वेल्ड केल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात चाचणी घेतली. तोटी बंद, झाकण बंद, खाली मोठी आच. वीस-पंचवीस मिनिटांनी डबा गुरगुरू लागला. मुलगा गॅस बंद करायला वाकला आणि त्याच वेळी दोन क्लिपा तुटल्या. झाकण छताच्या टिनावर जाऊन आदळले. वाफेचा लोट त्याच्या डाव्या हातावर आला, कोपरापासून मनगटापर्यंत. तोंड एक हात अलीकडे होते म्हणून वाचले.

वहिनींनी त्याचा हात लगेच अंगणातल्या नळाखाली धरला आणि वीस मिनिटे तसाच ठेवला. कोणी टूथपेस्ट आणली, कोणी हळद. त्यांनी काही लावू दिले नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हेच बरोबर केले. भाजल्यावर वाहते साधे पाणी वीस मिनिटे. बर्फ नको, पेस्ट नको, तेल नको. हे प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहे. हात बरा व्हायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी त्या घरी गेलो की वहिनी काही बोलत नसत, चहा देत. त्या न बोलण्याचेच ओझे जास्त होते.

नंतर मी कागद घेऊन बसलो. जो हिशोब आधी करायला हवा होता, तो मागाहून केला. एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ झाली तर तिला सोळाशे लिटरहून अधिक जागा लागते. उघड्या भांड्यात ती निघून जाते, बंद डब्यात कोंडते. आमच्या झाकणाचा व्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर. घरच्या कुकरमध्ये शिट्टी होते तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब असतो. आमच्या डब्यात त्याच्या निम्मा दाब धरला तरी झाकणावर साडेतीनशे किलोचा जोर येतो. चार पोती धान्य खालून झाकणाला ढकलत होते, आणि ते अडवायला होत्या चार बारीक क्लिपा. कुकरला शिट्टी असते, तिच्यात अडथळा आला तर वितळून सुटणारा व्हॉल्व्ह असतो. आमच्या डब्याला काहीच नव्हते. होती ती फक्त माझी काटकसर.

पुढे इतवारीत भांड्यांच्या एका जुन्या दुकानात गेलो असता तिथे तांब्याचा बंब दिसला. मधोमध निखाऱ्याची नळी, भोवती पाणी, बाजूला तोटी. दुकानदार वयस्कर होते. त्यांना सारी हकिकत सांगितली. ते म्हणाले, "साहेब, बंबाचं झाकण कोणी आवळलेलं पाहिलं का कधी? ते नुसतं वर ठेवलेलं राहाते. ज्यानं बंब बनवला, तो काही येडा नव्हता." आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. बंब रिकामा असताना खाली आग ठेवली तर सांध्यांचा डाख वितळतो आणि बंब गळू लागतो. म्हणजे दोन नियम झाले. पाणी तापवायचे भांडे कधी बंद करू नये आणि कधी कोरडे तापवू नये.

कोणकोणते उपाय पाहिले

पुढे काय करायचे यावर अंगणात बरीच चर्चा झाली. तिचा सारांश देतो, म्हणजे दुसऱ्यांचा वेळ वाचेल.

पहिला उपाय बॅटरीचा. भाचा म्हणाला, बारा व्होल्टच्या बॅटरीवर हीटर लावू. हिशोब केला. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांच्या छोट्या बॅटरीत सगळी मिळून ८४ वॅट-तास वीज असते. तेवढ्यात पंधरा लिटर पाणी जेमतेम पाच अंशांनी तापते. दिवा लावायला बॅटरी चांगली, पाणी तापवायला नाही.

दुसरा उपाय गॅस गिझरचा. त्यात नळाच्या पाण्याच्या दाबाने आतला पडदा सरकतो, तेव्हाच गॅस पेटतो. ठेल्यावर टाकी दोन हात उंच, तिचा दाब नगण्य. म्हणजे पंप आला, पंपासाठी बॅटरी आली. रस्त्यावरच्या वाऱ्याने ज्योत विझण्याची भीती वेगळी. आणि थंडीपायी ठेल्याला चहूकडून ताडपत्री लावली तर गिझरचा विषारी वायू आत कोंडू शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. हा उपाय आम्ही सोडला.

तिसरा, घरी बादलीत विजेचा रॉड. गरम पाणी मिळते, पण धातूच्या भांड्यात रॉड टाकून पाण्यात बोट घालून पाहण्याने किती जीव गेले असतील! ज्यांना रॉड वापरायचाच असेल त्यांनी प्लगमधून पिन काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नये.

चौथा उपाय वहिनींचा, आणि तोच ठरला. त्या म्हणाल्या, "तर्री शिजाले तसाही घंटाभर लागते. तवा दुसरी शेगडी रिकामीच राहाते. तिच्यावर पाणी तापवू आणि कपड्यात गुंडाळून ठेवू, जसा आपण भात ठेवतो."

शेवटी जमलेली मांडणी

सकाळी साडेसहा ते अकरा हा धंद्याचा वेळ. १२० प्लेटा धरल्या. तीन टब, प्रत्येकात आठ लिटर पाणी. पहिल्यात गरम साबणाचे पाणी, दुसऱ्यात साधे पाणी, तिसऱ्यात औषधाचे पाणी. पहिल्या दोन टबांतले पाणी दर ४० प्लेटांनंतर बदलायचे, म्हणजे तीन वेळा. तिसऱ्यातले दोन वेळा. हात धुण्यासाठी दहा लिटर. पाण्याचा हिशोब असा पडला : २४ + २४ + १६ + १० = ७४ लिटर. पिण्याचे पाणी यात नाही, त्याचा कॅन वेगळा.

आता यातले गरम किती? इथे एक सोपी युक्ती कामी येते. सगळे पाणी तापवायची गरज नाही. थोडे खूप तापवून त्यात गार मिसळायचे. पहाटेचे गार पाणी १५ अंश धरा आणि तापवलेले ९० अंश. चार लिटर गरम आणि चार लिटर गार मिसळले की ५२ अंश येतात. थंड टबात ओतल्यावर ते पन्नासच्या आत उतरते. हातात रबरी मोजे घालून घासायला ते बरोबर होते. दहाच्या सुमारास डब्यातले पाणी निवून ७५ अंशांवर येते, तेव्हा पाच लिटर गरम आणि तीन लिटर गार. हात धुण्याच्या दहा लिटरांत दोन लिटर गरम टाकले की तेही तिशीत येते. म्हणजे ४ + ४ + ५ + २ असे फक्त १५ लिटर पाणी तापवायचे. उरलेले ५९ लिटर गार पाणी वीस लिटरच्या तीन कॅनमध्ये मावते.

ते तापवायचे कसे? मोठ्या डब्यात एकदम नाही. पाच लिटरची चोचीची किटली, तीन वेळा. पाच लिटर उकळते पाणी उचलणे बाईमाणसाला जमते, पंधरा लिटर उचलणे कोणालाच जमू नये. किटली तापली की गाळणे ठेवून साठवणीच्या डब्यात ओतायची. हा डबा तोच जुना वीस लिटरचा, पण आता क्लिपा कापून टाकलेल्या, झाकण सैल आणि त्याला करंगळी जाईल एवढे भोक. डब्याखाली आग मुळीच नाही. तो एका लाकडी पेटीत बसवला आणि पेटी व डबा यांमध्ये चार बोटे जाडीचा धानाचा भुसा दाबून भरला. भंडारा-गोंदियाच्या बाजूला भातगिरण्या भरपूर, भुशाला तोटा नाही. भुसा नसेल तर जुनी घोंगडी किंवा गोणपाटाच्या घड्या चालतात. थर्माकोल वापरू नये, एवढ्या उष्णतेने तो मऊ पडून बसतो. भुसा काय, गोणपाट काय, दोन्ही पेटणारे. म्हणून पेटी ठेल्याच्या एका टोकाला आणि शेगडी दुसऱ्या टोकाला ठेवली.

डब्याची उंची फार महत्त्वाची. तोटी टबाच्या काठाच्या चार बोटे वर असली की पाणी आपोआप उतरते, पंप लागत नाही. पण डब्याचे तोंड छातीच्या वर जाता कामा नये, नाहीतर ओतताना उकळते पाणी अंगावर येते. साठ अंशांचे पाणीसुद्धा पाच सेकंदांत मोठ्या माणसाचे कातडे भाजते, लहान मुलाचे त्याहून लवकर. म्हणून तोटी ठेल्याच्या आतल्या बाजूला, गिऱ्हाइकाच्या आणि पोरांच्या हाताबाहेर. गरम पाण्याच्या नळीला साधा पीव्हीसी पाइप चालत नाही, तो मऊ होतो. सीपीव्हीसी किंवा स्टीलची जाळी असलेली नळी घ्यावी. आम्ही नळी टाळलीच. डब्याची तोटी थेट टबावर येते. तोटीचा वायसर साध्या रबराचा न घेता सिलिकॉनचा घेतला. एवढ्याशा गोष्टीने गळती थांबली.

तिसऱ्या टबातल्या औषधाबद्दल. दुकानात मिळणारे ब्लीचचे द्रावण साधारण चार-पाच टक्क्यांचे असते. बाटलीवर वाचून खात्री करून घ्यावी. आठ लिटर गार पाण्यात चहाचे तीन चमचे पुरतात. प्लेट एक मिनिट बुडवून काढायची आणि जाळीवर उभी वाळू द्यायची. पुसायची नाही, कारण दिवसभराचे एकच फडके सगळी मेहनत पाण्यात घालवते. हे द्रावण गरम पाण्यात टाकू नये, त्याचा जोर उडून जातो. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये तर चुकूनही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

राहिले सांडपाणी. जेवढे पाणी नेले त्याहून सांडपाण्याची टाकी थोडी मोठी हवी. दीडपटीची गरज नाही, शेकडा पंधरा जास्त पुरे. ७४ लिटरला ८५ लिटर. प्लेटेतली उरलेली तर्री आधी डब्यात खरवडून काढली तर टबातले पाणी जास्त वेळ टिकते आणि नालीत तेल जात नाही. पाण्याचे कॅन आणि ही टाकी दोन्ही चाकांच्या मध्ये, खाली ठेवावीत. ७४ लिटर म्हणजे ७४ किलो. ते वर ठेवले तर पहिल्याच खड्ड्यात ठेला कलंडेल. पाणी एका टाकीतून दुसऱ्या टाकीत गेले तरी वजन तेवढेच राहते, म्हणून परतीच्या वाटेवरही ठेला जडच असतो. हे मुलाला पहिल्याच दिवशी कळले!

खर्चाचे गणित

पंधरा लिटर पाणी १५ वरून ९० अंशांवर न्यायला गॅस किती? निम्मी उष्णता वाऱ्यावर जाते असे धरले तरी सुमारे २०० ग्रॅम. किलोला शंभर रुपये धरले तर वीस रुपये. शेगडीला तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा केला तर त्याहून कमी. साबण व औषधाचे पंधरा रुपये. एकूण ३५. उलट कागदी प्लेट दीड रुपयाला धरली तर १२० प्लेटांचे १८० रुपये. रोजचा फरक १४५ रुपये, महिन्याचे २६ दिवस धरले तर ३,७७०. आपापल्या गावचे भाव घालून ज्याने त्याने हा हिशोब करून पाहावा.

पण हा हिशोब अपुरा आहे, हे मला वहिनींनी दाखवून दिले. "भाऊजी, यात माही मजुरी कोठी आहे?" एक प्लेट वीस सेकंद म्हटली तरी १२० प्लेटांना चाळीस मिनिटे, शिवाय पाणी भरणे, तापवणे, सांडपाणी रिकामे करणे. रोजचा सव्वा तास. घरच्या बाईचा वेळ फुकट धरून केलेला हिशोब खोटा असतो. तो सव्वा तास खर्चात धरला तेव्हा फरक कमी झाला, पण नफा राहिलाच. आता मुलगा सकाळी पाणी भरून देतो आणि मगच कामावर जातो.

एक सूचना. घरगुती लाल सिलिंडर ठेल्यावर वापरणे कायद्याने चालत नाही. धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर किंवा पाच किलोचा छोटा मिळतो, तोच घ्यावा. रबरी नळी सुरक्षा खुणेची असावी आणि ती गरम पाण्याच्या तोटीखालून नेऊ नये.

कायदा आणि आपण

पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्राचा कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे कायदा सांगतो. अन्न सुरक्षेचा कायदा २००६ चा. त्याच्या नियमांत अगदी छोट्या विक्रेत्यासाठीही पिण्यायोग्य पाणी, स्वच्छ भांडी आणि झाकलेला कचरा यांचा आग्रह आहे. पथविक्रेत्यांची कर्जयोजना २०२० मध्ये सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिचे पहिले कर्ज दहा हजारांवरून पंधरा हजार करण्यात आले. आपल्या भगिनींनी हे कागद करून घ्यावेत. अर्ज भरायला अडचण आली तर आमच्यासारखे कारकून कशासाठी आहेत?

मात्र नियम कसे असावेत यालाही महत्त्व आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात हातगाडीवाल्यांनाही तीन कप्प्यांचे मोठे सिंक आणि गरम पाण्याची सोय सक्तीची होती. तशी गाडी इतकी महाग आणि जड पडे की गरीब विक्रेत्याला परवाना मिळणेच कठीण. तिथल्या विक्रेत्यांनी संघटना करून आवाज उठवला आणि २०२२ साली छोट्या गाड्यांसाठी नियम सुटसुटीत करणारा कायदा झाला. स्वच्छता सोडायची नाही, पण ती गरिबाला परवडेल अशी करायची, हा त्यातला धडा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. ठेला कोणाचा, आडनाव काय, हे विचारून मग भूक लागणारी माणसे अजून आहेत. आपल्या बाईने ठेला लावला की स्वच्छतेचा दाखला दुप्पट मागितला जातो. वहिनींना मी हे बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, "त्यायच्यासाठी नाही धूत मी. शाळेत जाणारे पोरं खातात माह्या इथं, त्यायच्यासाठी धुतो." यावर मी काय बोलणार?

आज ठेल्याला वर्ष होत आले. मुलाच्या हातावर डाग आहे, तो जाणार नाही. परवा शेजारच्या इडलीवाल्याने भुशाची पेटी पाहिली आणि तशीच करून मागितली. मुलगा त्याच्या डब्याला तोटी बसवत होता. मी उभा होतो. इडलीवाला म्हणाला, "झाकण थोडं घट्ट बसव ना रे." मुलाने माझ्याकडे पाहिले आणि हसला. मग त्याने ड्रिल घेतले आणि झाकणाला आधी भोक पाडले.

भगिनींनो, आपल्या घरी किंवा ठेल्यावर असे घट्ट झाकणाचे पाण्याचे भांडे असेल, तर आज रात्रीच त्याचे झाकण सैल करा. बाकीचा हिशोब मागाहून करता येईल.